बाबूजींच्या चौकातला खांब

चूक माझीच होती. माझे इंदुरातले जुने घरमालक बाबूजी त्यांच्या आजोबांनी बांधलेली हवेली सोडून निघाले ते माझ्या एका वाक्यामुळे. टेम्पोत पलंग चढले, देवघर चढलं. बाबूजी उंबऱ्यातून परत आत गेले, चौकातल्या एका खांबावर तळवा ठेवून आले. मी बाहेर दोऱ्या आवळायला मदत करत होतो.

सांगलीच्या मंडळींनो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. नोकरीसाठी निघालो तेव्हा स्टँडवर आई म्हणाली होती, "तिथल्या माणसांना धरून राहा." मी बाबूजींना धरलं. इंदुरातली पहिली चार वर्षं त्यांच्याच हवेलीत भाड्याने राहिलो. त्यांचे आजोबा कापसाचे व्यापारी. रस्त्याकडे गादी, म्हणजे सौद्याची बैठक. मागे चौक आणि चार सागवानी खांब. खालचा मजला दगडी, वरचा कोरीव लाकडाचा, आणि गच्चीवर अचानक इंग्रजी कमानी. ते घर मला कधी नीट उमगलं नाही. एवढ्या गच्चीवरचं पाणी जातं कुठे, हेसुद्धा कधी विचारलं नाही.

पुढे मी इंदुरातच विजय नगरला फ्लॅट घेतला. एका पावसाळ्यात हवेलीचा एक कोपरा गळू लागला. बाबूजींनी बोलावलं, "इंजीनियर साब, ज़रा देखो तो." मी कारखान्यात मशीन सांभाळणारा. घराचं मला काय कळतं? पण 'इंजीनियर साब' ऐकलं की छाती फुगायची. कोपऱ्यातल्या खांबावर बोटं वाजवली. पोकळ आवाज आला. म्हणालो, "अंदर से सड़ गया है. यहाँ रहना ठीक नहीं."

बाबूजींच्या मुलांना फ्लॅट हवाच होता. धाकटा म्हणाला, "लो बाबूजी, अब तो आपके साब भी बोल रहे हैं!"

हवेली विकली गेली. नवा मालक ती उतरवत होता तेव्हा मी बघायला गेलो. म्हातारा सुतार त्याच खांबाशी घाम गाळत होता. मी विचारलं, सडलाय ना? तो हसला. इंदुरात भैयाचं 'भिया' होतं. "सड़ा? भिया, इसमें कील नहीं घुस रही!" त्याने फळी काढून दाखवली. आत तांब्याचा नळ, गच्चीपासून थेट चौकाखालच्या टाक्यापर्यंत. खांब मुद्दामच पोकळ बांधला होता. नळाच्या तोंडाशी कडुनिंबाचा पाला आणि कबुतराचं घरटं अडकलेलं. गळती तेवढ्यानेच होती.

दीड वर्ष मी बाबूजींना टाळलं. मुलं तशीही गेली असती का? मग मी फक्त निमित्त? की मीच कारण? मला ठरवता येत नाही. मी सांगलीचं घर सोडलं ते आपल्या मर्जीने, तरी आज इंदुरातून सांगलीला निघताना 'घरी जातो' म्हणतो आणि सांगलीहून परततानाही तेच म्हणतो. यातलं खरं कुठलं, मलाच कळत नाही. बाबूजींना असा घोळ कधी नव्हता. तो मी त्यांच्या पदरात टाकला.

गेल्या रविवारी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. सातवा मजला. पोहे पुढे सरकवत बाबूजी म्हणाले, "सब अच्छा है भिया, बस नीचे झाँको तो आदमी पहचान में नहीं आता." मग मी नळाचं सगळं सांगितलं.

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "मतलब, पत्ते ही निकालने थे?"

मी होकाराची मान हलवली. इतकी वर्षं त्यांच्याशी हिंदीतच बोललो होतो. त्या दिवशी तोंडातून मराठीच आली.

"बाबूजी, मला कळत नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटली. तुमचं घर माझ्यामुळे गेलं. मला माफ करा."