खुर्चीसकट गडावर

पडदा वर जातो. लालबागच्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. रविवारची सकाळ. डावीकडे ओटा, त्यावर चहाचं आधण. समोर खिडकी, आणि खिडकीकडे तोंड करून चाकांच्या खुर्चीत बसलेला रघुवीर. खोली इतकी चिंचोळी की खुर्ची आत फिरत नाही. एकदा खिडकीशी लावली की दार पाठीमागेच राहतं. अंगात गडावर जायचा निळा टी-शर्ट, डोक्यावर टोपी, पायांत बूट. नाड्या त्याच्या बायकोने, अनुजाने बांधल्या आहेत. घट्ट झाल्या की सैल, हे त्या पायांना कळत नाही.

मी शेजारचा नाना, ह्याला निरोप द्यायला येऊन दाराशी बसलेला. जन्म कामगारांच्या नाटकांत गेला, तेव्हा कोण कसा प्रवेश घेतो ते बघायची खोड आहे. गल्लीच्या गोविंदा पथकात हा थरावर चढायला लागला की आम्ही सगळे गॅलरीत श्वास धरून उभे. खाली बघायचा नाही, मागे वळायचा नाही. पोरांना पहिलं हेच शिकवतात, कारण एकजण वळला तर अख्खा थर हलतो. पडलास तर हात पसर, पाठ मोकळी सोड, झेलायला गल्ली आहे. हा तसाच पडायचा, हसत हसत, आणि खालचे हात त्याला अलगद धरायचे.

पुढे वजन वाढलं, वरचे थर पोरांकडे गेले, आणि ह्याने गड धरले. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून सुट्टी मिळाली की निघाला, एकटाच. वर पोचल्यावर मोबाइल दगडाला टेकवायचा, त्याच्याकडे बघत उलटं मागे मागे जायचं आणि ओरडायचं, "लालबागकरांनो, या की वर!" एवढाच व्हिडिओ. संध्याकाळी सगळी चाळ तो बघायची.

"रघ्या, खरंच दम लागलाय की ॲक्टिंग रे?" निलेश विचारायचा. निलेश पथकाचा म्होरक्या, ह्याचा जिवलग.

"तू आधी चाळीचा जिना चढून दाखव, ढोल्या!"

शेवटचा व्हिडिओ त्याने कुठे टाकला नाही. मला मात्र दाखवला. लख्ख ऊन. रघुवीर मागे सरकतो, आणखी सरकतो, पाय निसटतो. दुसरा कुणी असता तर पुढे झेपावला असता, गवत धरलं असतं. ह्याने हात पसरले आणि पाठ मोकळी सोडली. मग नुसतं आकाश दिसत राहतं.

मणका गेला. इस्पितळात तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, जेवायचा नाही. तेव्हा निलेश म्हणाला, "खुर्चीसकट गडावर नेतो तुला. थर लावणारी माणसं आपण, तुझं वजन ते काय!" त्या दिवशी तो दोन घास जेवला. वरून एक व्हिडिओ करायचा, बसून का होईना, एवढ्यावरच तो जगायला लागला.

दिवाळीत नेणार होते. मग कुणाच्या मुलीची परीक्षा आली, कुणी विरारला राहायला गेला, कुणाची कंबर धरली. मी त्यांना बोल लावत नाही. चांगली माणसं आहेत, प्रत्येकाला संसार आहे. पण आजचा रविवार निलेशने स्वतः ठरवला होता.

चहा झाला, निवला, पुन्हा गरम झाला. अनुजा फोन लावत राहिली. कुणी उचलेना. उन्हं खिडकीतून सरकून त्याच्या बुटांवर आली तेव्हा तिच्या मोबाइलवर निलेशचा निरोप उजळला. तिने वाचला आणि माझ्यापुढे धरला. 'वैनी, पोरं जमली नाहीत. आज राहू दे. रघ्याला तूच सांग, मला नाही जमणार.'

ती ओट्याकडे वळली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. सांगायचं माझ्यावर आलं. भरलेल्या थिएटरात कधी अडखळलो नव्हतो, इथे मात्र चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बरीच होती. आमच्या मजल्यावर आली, क्षणभर थांबली आणि हसत खिदळत वरच्या मजल्यावर निघून गेली.

रघुवीरने टोपी सरळ केली. पाठ ताठ केली. मान वळवली नाही.

"नाना," तो खिडकीकडे बघत म्हणाला, "मागे कुणी उभं आहे का, बघा जरा."