कुंपणापलीकडची कालवड

मुलांनो, तुम्ही पुण्याहून फोनवर नेहमी विचारता, "आजी, मामाच्या रँचवर तू दिवसभर करतेस काय?" खरं सांगू? पाहत बसते. साउथ डकोटात झाडं कमी, गवत फार. सकाळी गवतावर धुकं उतरतं आणि त्यात बायसनचा, म्हणजे इथल्या केसाळ रानगव्यांचा, कळप उभा असतो. आधी वशिंडं दिसतात, मग श्वासाची वाफ, आणि बऱ्याच वेळाने जनावर. धुकंच घट्ट होऊन चरतंय असं वाटतं.

हर्नडन शहरातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून मामाने मामीबरोबर हे सुरू केलं. मामी इथेच जन्मलेली, जनावरांची डॉक्टर. दोघांनी मला एकच नियम सांगितला होता: कुंपणाजवळ जायचं नाही. मी नियम पाळणारी बाई. पण हा नियम विजेच्या तारेसाठी आहे अशी मी समजूत करून घेतली आणि तारेपासून दोन हात लांब उभी राहू लागले.

पहिली पोळी गायीची, हे तुम्हाला ठाऊक आहे. हर्नडनला इतकी वर्षं मी ती बाजूला काढायचे आणि शेवटी स्वतःच खायचे. इथे एका सकाळी तिला गूळ लावून कुंपणापलीकडे टाकली. वर्षा-दीड वर्षाची एक कालवड आली, हुंगून तिने ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी येऊन उभी!

इथला सगळा उन्हाळा असा गेला. सात वाजता मी आणि ती. तिची हिवाळ्याची लोकर झुबक्यांनी गळायची, तारेला अडकून वाऱ्यावर हलायची. मी तिला तुमच्या खोड्या सांगायचे. ती रवंथ करत ऐकायची. किती वेळ जायचा कळायचं नाही, आणि घड्याळ पाहिल्याशिवाय न हलणारी मी घड्याळ विसरायचे.

ऑगस्टमध्ये मामी पाण्याची टाकी पाहायला कुरणात उतरली, तर ती कालवड खायला मागत थेट तिच्या अंगावर धावत आली. मामी कशीबशी पिकअपमध्ये चढली. घरी आल्यावर मला सगळं कबूल करावं लागलं.

"आई, शी इज नॉट अ गाय!" मामी म्हणाली. मग श्वास सोडून, "आणि मला कधी गूळपोळी नाही केलीत!"

मामा हसला नाही. "अगं आई, बायसनने चाऱ्याच्या ट्रकच्या मागे यावं, माणसाच्या नाही. हिने लाडाने ढुशी दिली तरी माणूस उरणार नाही."

"मग आता?"

"ऑक्टोबरमध्ये लसी टोचायला कळप कुरणातून आत आवारात घेऊ. तेव्हाही ती माणसाकडे आली, तर तिला विकावं लागेल. कत्तलखान्याला."

दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पडद्यामागे बसू लागले. सात वाजता ती यायची. धुकं विरेपर्यंत उभी राहायची, तारेकडे नाक करून. मी पोळ्या लाटत राहायचे. त्या दिवसांतल्या एकाही पोळीला धड आकार आला नाही. हळूहळू ती उशिरा येऊ लागली, मग एक दिवसाआड. सप्टेंबर संपता संपता कुंपण रिकामं राहू लागलं.

कळप आत घ्यायच्या दिवशी मामाने मला बाहेर बोलावलं. "तुझ्याकडे नाही आली, तर कुणाकडेच येणार नाही."

मी उभी राहिले. ट्रकच्या मागे कळप धुळीतून वाहत आला, आवाज न करता, एखादं स्वप्न चालत यावं तसा. त्यातून ती एकटी बाजूला झाली. चार पावलं माझ्या दिशेने आली. थांबली. कान पुढे केले.

"ये गं" हे शब्द तोंडाशी आले होते. मी दोन्ही हात जोरात एकमेकांवर आपटले आणि ओरडले, "हट्! जा! चालती हो!" असा आवाज मी तुमच्या आईवरसुद्धा कधी चढवला नव्हता.

ती दचकली. शेपटी ताठ उभी करून वळली आणि कळपात घुसली.

"ठेवतोय तिला," मामा पिकअपमधून म्हणाला. मामीने माझा हात धरला.

आता सकाळी खिडकीतून पाहते. सगळ्या पाठी एकाच तपकिरी रंगाच्या. त्यातली ती कोणती, मला ओळखता येत नाही. एकही मान घराकडे वळत नाही.