मास्तरांचा हात

खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांचे चेहरे घडवणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. मातीचा गोळा त्यांच्या हाती आला की गप्पा मारता मारता त्याला नाक, गाल, हनुवटी फुटायची. हात सोन्याचा, पण जीभ कात्रीसारखी.

त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीचं एक बोट जन्मापासून आखूड होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी तिचं नाव थोटी ठेवलं आणि कारखानाभर तेच रुळलं. तिने घडवलेला चेहरा मनासारखा उतरला नाही की ते अंगठ्याने तो सपाट करत.

"थोटे, देवानं तुला अर्धवट केलं, त्याचा सूड बाहुल्यांवर उगवतेस होय गं?"

सगळे हसत. तीही हसायची. न हसून करते काय?

मग कारखान्यात ते यंत्र आलं. टेबलावर सांध्यासांध्यांचा एक धातूचा हात, त्याच्या टोकाला पेन. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या मातीला पेन भिडलं की ते हातात खरंच अडायचं, दाबलं तर उलट दाबायचं. माती मऊ हवी की टणक, तेही कॉम्प्युटरवर ठरवता यायचं.

"ना वास, ना ओल. ही कसली माती?" मास्तरांनी नाक मुरडलं. त्यामुळे यंत्र शिकली ती थोटी.

एके दिवशी मालकांनी जाहीर केलं की यापुढे सगळे चेहरे यंत्रावरच होतील. सगळ्यांसमोर त्यांनी मास्तरांना खुर्चीवर बसवलं.

"लाव गं थोटे," मास्तर म्हणाले.

तिने यंत्र लावलं, आणि मातीचा टणकपणा पार टोकाला नेऊन ठेवला.

मास्तरांनी पेन टेकवलं. जणू दगडच. जोर लावला तसं पेन थडथड उडालं आणि गालावर नुसता चरा उमटला. पुन्हा लावला. कपाळावर घाम आला.

"माती जरा कडक आहे का गं?" त्यांनी हळूच विचारलं. इतक्या मऊ आवाजात ते तिच्याशी कधीच बोलले नव्हते.

"नाही मास्तर. मी रोज हीच वापरते."

मालकांनी तिला करून दाखवायला सांगितलं. बसता बसता तिने टणकपणा खाली आणला आणि दोन फटकाऱ्यांत सुबक नाक काढलं. मास्तर तिच्याकडे नाही, स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.

"वय कोणाला चुकलंय मास्तर?" मालक म्हणाले.

मागून कोणीतरी विचारलं, "मग आता थोटं कोण?" हशा पिकला. मास्तर उठून निघून गेले, ते पुन्हा आले नाहीत.

पुढे त्यांची बायको हत्यारं न्यायला आली. थोटी आता मास्तरांच्या जागेवर बसत होती.

"पोरी, एकदा बसव ना त्यांना तुझ्याजवळ. जेवताना घाससुद्धा सांडतात. म्हणतात, हात मेला माझा. तू शिष्या त्यांची, तुझं ऐकतील."

तिला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलंही.

"काकू, आता त्यांना आराम करू द्या," ती म्हणाली आणि पेन उचलून कामाला लागली.

बायकोने मास्तरांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं वाकवून, दाबून, टोचून पाहिली आणि हाताला काहीही झालेलं नाही, असं स्पष्ट सांगितलं.

मास्तरांनी मान हलवली. मग उठताना शर्टाचं बटण लावायला त्यांनी बायकोला सांगितलं.