तुनेला

आमच्या गावात एक फिनिश शब्द चालतो. नाचणगावपासून थोडं पुढे, वर्धा नदीच्या काठी, जिथे फिनलंड विचारलं तर लोक 'मुंबईच्या पलीकडे' म्हणून मोकळे होतील, तिथे म्हशी राखणारी बाईसुद्धा ओरडते, "तुनेल्याकडे जाऊ नोको." मूळ शब्द तुओनेला. त्या लोकांच्या जुन्या गोष्टींमधलं मेलेल्यांचं गाव. आमच्या लोकांनी तो चार तोंडांतून फिरवून आपलासा करून टाकला.

आणला माझ्या चुलतभावाने. ओलिताच्या मोटारीला लाइन येईपर्यंत तो बांधावर बसून मोबाइलवर जगभरचे नरक बघायचा. हा त्याला फार आवडला. काळी नदी, पलीकडे चांगले-वाईट सगळे मेलेले एकत्र. पाहुणा गेला तर त्याला बेडूक आणि किडे पडलेली दारू देतात. ती प्यायला की परत येणं नाही. "आपल्या यमाले हिशेब लागते," तो म्हणायचा, "तिथं कोणी काई पुसत नाई." तिकडच्या ख्रिस्ती लोकांनी बायबल आपल्या भाषेत आणलं तेव्हा मेलेल्यांच्या जागेला हाच शब्द घेतला, शेजारच्या एस्टोनियातही तो आहे, असं सगळं तो जेवताना ऐकवायचा. काकू म्हणायची, जेवू दे आधी, मग मर.

रेतीवाल्यांनी नदीच्या पात्रात मशीन लावून मोठा खड्डा केला होता. वरून पाणी गरीब गाईसारखं दिसायचं, खाली दोन पुरुष खोल. एक कालवड त्यात गेली तेव्हा भावाने त्या खड्ड्याचं नाव तुओनेला ठेवलं, आणि महिन्याभरात ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. रेतीवाल्यांनाही कळलं. ते हसले. त्या हसण्याचा राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही.

त्या दिवशी सकाळी भावाने नदीकडे जाणारी पांदण जिथे खड्ड्यापाशी उतरते तिथेच ट्रॅक्टर आडवा लावला. मागे मी होतो. टिप्परमधून तिघं उतरले. बोलणं फारसं झालंच नाही. ड्रायव्हरने सीटखालून लोखंडी सब्बल काढली आणि भावाच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझा हात एकाच्या तोंडावर बसला, त्याचे दात माझ्या बोटात रुतले, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दुसऱ्याने मला पाडून मनगटावर बूट रोवला. भाऊ एका हाताने ड्रायव्हरचा गळा धरून त्याला मागे मागे रेटत होता, थेट खड्ड्याच्या काठापर्यंत. मी ओरडलो. काठ खचला आणि दोघंही पाण्यात गेले.

मला मारणारे दोघं टिप्पर सोडून पळाले.

काकू काठालगतच्या शेतातून धावत आली. कोणीतरी तिला आधीच सांगितलं असावं, कारण हातात विहिरीतली बादली काढायचा गळ होता, दोरासकट. मला पोहता येत नाही आणि एक हात लोंबत होता. ती कमरेइतक्या पाण्यात उतरून गळ टाकायला लागली. भावाच्या त्या फिनिश गोष्टींत एक आई होती. ती तांब्याचं दाताळं घेऊन मेलेल्यांच्या नदीत उतरते, पोराचे तुकडे गोळा करते, जोडते, आणि पोरगा उठतो. मला ती गोष्ट तेव्हा कोणी तोंडावर शिवी द्यावी तशी वाटली.

गळ अडकला. ओढलं तर ड्रायव्हर. पट्ट्यात गळ अडकलेला, तोंड निळं, पण छाती हलत होती.

"सोडा त्याले, काकू," मी म्हणालो. आजही म्हणेन. त्याचं काही वाईट वाटत नाही मला.

"ह्यालेच मालूम हाय माहा पोरगा कुठं हाय," ती म्हणाली.

तिने त्याला काठावर ओढलं, पालथं पाडलं आणि पाठीत बुक्क्या घातल्या. पाणी काढायला घालत होती की मारायला, ते तिलाही सांगता आलं नसतं. तो ओकला. तिने केस धरून त्याचं डोकं वर केलं आणि विचारलं. त्याला बोलता येईना. तिने थोबाडीत मारली, पुन्हा विचारलं, पुन्हा मारली. मग त्याने हात उचलून दाखवलं, जिथे मशीनने काठ आतून पोखरला होता तिथे.

तिने तिथे गळ टाकला. दोर ताणला तसं मी दुसऱ्या हाताने धरायला गेलो. तिने मला कोपराने बाजूला सारलं. एकटीनेच ओढलं, हळूहळू, कुठे आदळू नये म्हणून हात पुढे करून.

भाऊ वर आला. त्याच्यात काही उरलं नव्हतं, ते मला दुरूनच कळलं. तिलाही कळलं असणार. गळ त्याच्या मोडलेल्या खांद्यात रुतला होता. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, शर्ट बाजूला केला आणि काटा काढावा तसा तो गळ अलगद सोडवला. मग जखमेवर फुंकर घालत त्याला विचारलं, "लागला का रे राजा?"