डाव्या हाताचा हुरडा

हसायचं तर खुशाल हसा, पण मला मधे थांबवू नका. हा किस्सा मला रागाच्या भरातच सांगता येतो. शांतपणे सांगायला गेलो की स्वतःचीच लाज वाटते आणि मी विषय बदलतो. माझ्याइतका मूर्खपणा तुमच्यापैकी कोणी केला असेल तर आजचा चहा माझ्याकडून.

तुम्हाला माहीतच आहे, मी नाशकातल्या एका सरकारी कचेरीत कारकून. माझ्याकडे काम जखमी पेन्शनचं. जर्मनच्या लढाईत ज्यांचा हात, पाय, डोळा कामातून गेला, त्यांना सरकार दरमहा काहीतरी देतं. आणि दिलेलं परत कसं काढून घ्यावं हे बघायला माझ्यासारखी माणसं ठेवतं. दर काही वर्षांनी डॉक्टरांचं बोर्ड बसतं आणि तुटलेला पाय अजून तुटलेलाच आहे ना, याची खात्री करून घेतं. अहो, पाय म्हणजे काय शेवग्याची फांदी आहे, पुन्हा फुटायला?

पण हा राग आत्ताचा. तेव्हा माझा राग नेमका उलट्या बाजूला होता. प्रत्येक पेन्शनर मला लबाड वाटायचा. काठी टेकत आला की मी आधी काठी खरी का ते बघायचो.

अशात आमचे शिरस्तेदार सबनीस, म्हणजे आमच्या सगळ्या कारकुनांच्या वरचे साहेब, यांच्याकडे एक निनावी अर्ज आला. सायखेड्याचा शेख उस्मान उजवा हात निकामी म्हणून पेन्शन खातो आणि दिवसभर शेतात गोफण फिरवतो, असा मजकूर. निनावी अर्ज लिहिणाऱ्यांचं मला आजवर कळलेलं नाही. स्वतःचं नाव लिहायला यांचे हात निकामी असतात का?

"निकामी हातानं गोफण," सबनीस म्हणाले.

"मी जातो, रावसाहेब. गुपचूप जातो. बैल घ्यायला आलोय म्हणून सांगतो."

"तुम्हाला बैलातलं कळतं?"

"त्यात काय कळायचंय?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

पौषातली सकाळ. निफाडच्या मोटारीनं निघालो, मधे उतरून बैलगाडी केली आणि सायखेड्याच्या शिवारात पोचलो. अंगात काळा कोट, डोक्याला टोपी, काखेत छत्री, पायात पंपशू, खिशाला फाउंटन पेन. बैल घेणारा माणूस असाच दिसतो अशी माझी खात्री होती.

ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली. लांबूनच गोफणीचा फटका ऐकू आला आणि पाखरांचा थवा उठला. सापडला, म्हटलं. ताटं बाजूला सारत पुढे गेलो, तर मोकळ्या जागेत एक म्हातारासा माणूस एकटाच बसलेला. अंगाभोवती घोंगडी, समोर आगटी. जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या, निखाऱ्यांत ज्वारीची कोवळी कणसं भाजत घातलेली. शेजारी खुंट्याला एक बैल बांधलेला.

मी लगेच हिशेब जुळवला. हा शेताचा मालक. गोफणवाला उस्मान मला बघून पळाला.

"रामराम," मी म्हटलं. "बैल बघायला आलो होतो."

त्यानं मला टोपीपासून पंपशूपर्यंत बघितलं. "बसा की, भाऊसाहेब. हुरडा खा. बैल कुठं पळतोय."

पंपशू काढून मी पोत्यावर बसलो. कोवळ्या हुरड्याचा वास सुटला होता. मी सहज विचारल्यासारखं केलं, "इथे कोणी उस्मान राहतो म्हणे?"

"हाय की. लय वस्ताद."

"गोफण फिरवतो ना?"

"फिरवतो तर. पाखरं नाय उडाली तर मालक मजुरी देईल व्हय? पन राखणीचं काम वरसातलं दोन महिनं. बाकी दहा महिनं त्याला अन त्याच्या बायकुला ती लढाईची पेन्शनच."

मी मनातल्या मनात अहवाल लिहायला घेतला. "आणि हात कसा आहे त्याचा?"

"ठीक हाय म्हनतो." तो निखारे हलवत हसला. "मागल्या बोर्डात डाक्टरसायबानं इचारलं, कैसा है? ह्यानं पाय जुळवलं अन म्हनला, ठीक है साब. झालं. निम्मी पेन्शन कापली."

"मूर्खच म्हणायचा," मी म्हणालो. लबाड असो नाहीतर नसो, मला मूर्खपणाचा फार राग. "असं कोणी सांगतं का?"

"पलटणीतली खोड, भाऊसाहेब. सायबानं इचारलं की ठीक है. दुसरं उत्तर शिकवलंच नाय."

एवढं बोलून त्यानं एक भाजलेलं कणीस उचललं, पोत्यावर ठेवून एकाच तळव्यानं रगडलं, फुंकर मारून फोलकट उडवलं आणि हिरवागार हुरडा माझ्यापुढे धरला. डाव्या हातानं.

माझं डोकंच फिरलं. मी सरकारी माणूस, शिवाय पाहुणा, आणि मला डाव्या हातानं खायला देतो? कुत्र्यालाही कोणी असं देत नाही.

"काय रे, रीतभात काही आहे की नाही? डाव्या हातानं देतोस? उजवा हात काय भाड्यानं दिलाय?"

तो रागावला नाही. उलट त्याच्या तोंडावर असं काही समाधान आलं, जणू इतका वेळ तो याच वाक्याची वाट बघत होता.

"भाड्यानं नाय, भाऊसाहेब," तो म्हणाला. "बसऱ्याच्या लढाईत ठिवून आलो." आणि त्यानं घोंगडी बाजूला केली.

खांद्यापासून बोटांपर्यंत एक वाळकी काठी. कोपरात जुनी गोळी लागल्याचा खड्डा. हात वाकत नव्हता, मूठ मिटत नव्हती. मोटारीत बसल्यापासून ज्या हाताचा कागद मी तीनदा वाचला होता, तोच हा हात. तो तपासायला मी दिवस मोडून आलो होतो आणि तो कुठे गेला म्हणून मी त्या हाताच्या मालकावर ओरडत होतो.

"म्हणजे आपण... तुम्ही उस्मान?"

"शेख उस्मान. अन तुमी पेन्शनच्या कचेरीतलं. बैल घ्यायला आलेला मानूस आधी बैलाचे दात बघतो. तुमी त्याच्याकडं येकदा बी बघितलं नाय."

"आणि ती गोफण?"

त्यानं डाव्या हातानं गोफण उचलली, दोन फेरे दिले आणि दगड सोडला. तीनशे हातांवर चिमण्या भुर्रकन उडाल्या. "तीन वरसं लागली शिकाया. पर ह्या हातानं जेवलेलं लोकास्नी चालत नाय. लग्नाची दावत आसो, ईद आसो, मी बसतच नाय. डावा हात ताटात गेला की लोकं तोंड फिरवतात. इथं शेतात बरं. पाखरांना डावा-उजवा कळत नाय."

आता सांगा, यावर माणसानं काय करावं? माफी मागावी, खाली बसावं, तो हुरडा खावा. मी यातलं काहीच केलं नाही. मला माझाच इतका राग आला की मी ताडकन उठलो आणि दोन पावलं मागे सरलो.

मागे आगटी होती, आणि माझे पंपशू पोत्याजवळ होते.

माझी किंकाळी निफाडपर्यंत गेली असेल. उजव्या पायाचा तळवा निखाऱ्यांत. उस्माननं मला बखोटीला धरून ओढलं, शेजारची पाण्याची घागर पायावर ओतली, तळवा बघितला आणि म्हणाला, "चालनं होनार नाय." मग खाली बसला, मला पाठकुळी घेतलं आणि मी पडू नये म्हणून आपला पटका माझ्या कमरेभोवती फिरवून स्वतःच्या पोटावर बांधला. गाठ मारायला त्याचा एक हात आणि त्याचे दात. गावाच्या गाडीवाटेपर्यंत चांगलं मैलभर अंतर. माझी छत्रीही त्यानंच आणली.

वाटेत मी सारखा बडबडत होतो. चुकलो, माफ करा, उतरवा, नका उतरवू.

"लढाईत दोघास्नी आसंच आनलं," तो धापा टाकत म्हणाला. "येक बोलत व्हता, येक गप व्हता. बोलत व्हता तो जगला. तुमी बोला."

घरी पाय बांधून पडलो आणि तपासणीचा छापील नमुना उघडला. तुम्ही तो नमुना बघितला असता तर तुमचंही रक्त उकळलं असतं. अवयव हलतो काय? काम करतो काय? ओझे वाहू शकतो काय? माणसाला चारचौघांत बसून जेवता येतं का, हा प्रश्न त्यात नाही. ज्यानं तो नमुना छापला त्याला एक दिवस उजवा हात पाठीला बांधून पंगतीला बसवायला पाहिजे.

पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं, नाही. दुसऱ्यापुढे लिहिलं, गोफण डाव्या हाताने फिरवतो, आणि डावा हात सरकारने कधीच निकामी ठरवलेला नाही. तिसऱ्या प्रश्नाशी अडलो. ओझे वाहू शकतो काय? ते ओझं मीच होतो. खरं लिहावं तर त्याची पेन्शन संपली. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, वाहू शकत नाही. नोकरीतलं माझं पहिलं खोटं, आणि ते लिहिताना मला अजिबात वाईट वाटलं नाही.

पंधरा दिवस झाले. रजा संपत आली आणि पाय तर टेकवत नव्हता. मी आणखी पंधरा दिवसांची रजा मागितली. सबनिसांनी निरोप धाडला, स्वतः येऊन बघतो.

त्याच सकाळी उस्मान आला. पाय बघायला म्हणून आला होता, हुरड्याचं गाठोडं घेऊन. ओटीवर माझ्या खाटेजवळ टेकला. बायकोनं चहा पुढे केला, त्यानं तो डाव्या हातानं घेतला. ती काही बोलणार तोच मी तिच्याकडे असं बघितलं की ती आत गेली. आणि तेवढ्यात सबनीस दारात.

उस्मान कोपऱ्यात सरकला आणि घोंगडी ओढून बसला. सबनिसांना वाटलं, हुरडा विकणारा असेल.

"तुमचा अहवाल वाचला," ते खुर्चीत बसत म्हणाले. "एक कळलं नाही. पाय शेतात भाजला. तिथून गाडीवाटेपर्यंत तुम्ही आलात कसे? त्या उस्माननं उचलून आणलं की काय?"

कोपऱ्यातला कप बशीवर वाजला.

"छे, रावसाहेब. तो कसला उचलतोय. चालत आलो."

"भाजलेल्या पायानं? मैलभर?"

"दुसरं कोण होतं? सरपटत म्हणा, लंगडत म्हणा, पण आलो."

सबनिसांचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांत मी ते कधी बघितलं नव्हतं. "सरकारी कामासाठी एवढं सोसलंत. पंधरा काय, महिनाभर रजा घ्या. मी लिहून देतो." त्यांनी माझा रजेचा अर्ज काढून त्यावर शेरा लिहिला आणि खिशात ठेवला. उस्मानची पेन्शन वाचली, माझी रजा पक्की झाली. कोपऱ्यातून सुटकेचा निःश्वास मला खाटेवर ऐकू आला.

सबनीस उठले. पायरीपर्यंत गेले, चपला घातल्या, आणि जाता जाता माणूस विचारतो तसं त्यांनी मागे वळून विचारलं, "बरं, आता कसं आहे?"

वीस वर्षांची नोकरी माझी. वरच्या साहेबांनी कसं आहे विचारलं की तोंडातून एकच उत्तर येतं. मी खाटेवर ताठ बसलो आणि म्हणालो, "ठीक आहे, साहेब."

"ठीक आहे?" सबनिसांनी खिशातला कागद परत उघडला आणि पायरीवर उभ्या उभ्याच त्यावर काहीतरी खोडलं. "वा. मग सोमवारी या कामावर."

ते गेले. मी रिकाम्या पायरीकडे बघत बसलो. कोपऱ्यात घोंगडी हलायला लागली, आधी हळू, मग जोरात. शेवटी तिच्यातून उस्मानचं डोकं बाहेर आलं. त्यानं डोळे पुसले, हुरड्याची मूठ भरली आणि डाव्या हातानं माझ्यापुढे धरली.

"खावा, भाऊसाहेब," तो म्हणाला. "मूर्खच म्हनायचं तुमाला. आसं कुनी सांगतं का?"