थोंगयूच्या पोथीतलं रिकामं घर

शेहेचाळीस वर्षांच्या संसारात फयोमनं कंगव्यात एक केस राहू दिला नाही. विंचरून झालं की केस गोळा करायची, बोटावर गुंडाळायची आणि चुलीत टाकायची. नवरा समोर बसलेला असला तर जरा दाखवूनच टाकायची. नवरा मंत्र-यंत्रवाला ना! थोंगयू त्याचं नाव. फेत्चबुरी गावातल्या निम्म्या पुरुषांच्या पाठीवर त्याच्या सुईनं गोंदलेली यंत्रं आहेत. असल्या माणसाच्या हाती बायकोचा केस लागला म्हणजे झालंच की!

हा संशयाचा किडा लग्नातच शिरला होता. बावीस वर्षांची फयोम त्याचं तोंड बघायला तयार नव्हती. काळा, किडकिडीत, बोलताना अडखळणारा. तिच्या बापानं नकार कळवला, आणि पंधरा दिवसांत हीच पोरगी म्हणाली, "करीन तर त्याच्याशीच." गाव काय बोलायचं ते बोललं. आई तर तोंडावर म्हणाली, "पोरी, तुला भारलंय त्यानं." तेव्हापासून त्यानं दिलेलं पाणीसुद्धा ती हुंगून प्यायची. आपण याच्यावर जीव लावला, की यानं लावून घेतला? विचारायची मात्र हिंमत झाली नाही. हो म्हणाला असता तर काय करायचं होतं?

त्यात तिचा धंदाही त्यातलाच. विहाराच्या फाटकाशी पुस्तकांचं दुकान. वरच्या फळीवर धम्माची पुस्तकं: ध्यान, अनित्यता, भिक्षूंची प्रवचनं. खालच्या फळीवर यंत्रं, ताईत, वशीकरण. वरच्या फळीला लोक हात जोडायचे आणि पुस्तक खालचं न्यायचे. कुणी परत येऊन तक्रार करायचा, "मावशी, या यंत्रात मधल्या घरातलं अक्षर छापायचं राहिलंय हो!" फयोम खेकसायची, "राहिलं नाही, ठेवलंय. ते यंत्राचं काळीज. ते गुरूनं श्वास रोखून स्वतःच्या हातानं भरायचं असतं. ते नाही तोवर ही नुसती रांगोळी. जा, गुरू शोध."

थोंगयूची स्वतःची पोथी घरात होती. हातानं लिहिलेली, घडीघडीची, पिवळ्या कापडात बांधलेली, देव्हाऱ्याच्याही वर. बाईनं शिवायची नाही, हा तिथला नेम. शिवून उपयोग तरी काय, सगळं जुन्या खोम लिपीत. फयोम तिच्याभोवतीची धूळ झटकायची आणि मनात म्हणायची, आहे, माझं नाव यातच आहे कुठंतरी.

थोंगयू गेला आणि बघता बघता शंभराव्या दिवसाचा विधी आला. भिक्षूंचं जेवण झालं की पठण सुरू होणार, तेव्हा फयोमनं पाणी ओतून सगळं पुण्य त्याच्या नावे करायचं. मनापासून नाव घेतलं तरच पोचतं. आणि मन तर अडून बसलेलं. ज्यानं आपल्याला फसवून आणलं, त्याला कशाला पोचवायचं?

"अगं, मेलेल्या माणसावर कसला संशय घेतेस?" शेजारची मिठाईवाली लमयाय करवादली. "ओत पाणी आणि मोकळी हो."

"तुला कुणी भारून आणलं नाही, म्हणून बोलतेस."

"मला? माझा नवरा तर म्हणतो, कुणीतरी भारून घेऊन जा हिला!"

पण फयोम हसली नाही. तिनं नेम मोडला, पोथी उतरवली आणि सकाळीच भंते सुतिन यांच्या कुटीवर गेली. खोम लिपी वाचणारे आता तेवढेच. शिवाय यंत्रतंत्राचा त्यांना मनस्वी तिटकारा. नव्या मोटारसायकलीवर मंतरलेलं पाणीसुद्धा शिंपडायचे नाहीत. दर आठवड्याला दुकानाशी थांबून म्हणायचे, "उपासिके, खालची फळी काढून टाक." ती म्हणायची, "भंते, खालची काढली तर वरची पडेल." असा माणूस थोंगयूची बाजू घेणार नाही, हा तिचा हिशोब. तरीही पुरुषच, सांभाळून घेतील एकमेकांना, असंही आलंच मनात.

भंतेंनी समोर कापड पसरलं. बाईच्या हातून थेट घेता येत नाही म्हणून तिनं पोथी कापडावर ठेवली. एकेक घडी उलगडत पोथी चटईच्या टोकापर्यंत गेली. भंते वाकून वाचत होते, मधेच नाक मुरडत होते. एका यंत्रापाशी थांबले.

"इथं तुझं नाव आहे."

फयोम उसळली. "बघा! मी म्हणत नव्हते? वशीकरणच ना?"

"वशीकरणच. बुद्धसंवत २५२१, चौथा महिना."

नकार गेला तोच महिना. तिला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. उठून चालू पडणार होती, पण जाता जाता नजर गेलीच. इतकी वर्षं असली पुस्तकं विकलेली बाई ती! पोथीतल्या प्रत्येक यंत्राच्या मधल्या घरात ठसठशीत अक्षर होतं. या एकाच यंत्राचं घर कोरं होतं.

ती परत खाली बसली. "दुसऱ्या कागदावर उतरवून भरलं असेल," ती म्हणाली. "तुम्ही ओळखत नाही त्याला."

"खाली त्यानं काही लिहिलंय. वाचू?"

"जसं आहे तसं वाचा. गोड करू नका."

भंते सुतिन यांनी वाचलं: "काळीज भरलं तर ती येईल. पण मग ती स्वतः आली की मी आणली, हे मला जन्मभर कळणार नाही. म्हणून भरत नाही. नाही आली तर नाही."

फयोमनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. या वेळी भंतेंनी नाक मुरडलं नाही. त्यांनी पोथीच्या घड्या सावकाश घातल्या आणि ती कापडावर तिच्यापुढे सरकवली.

सभामंडपात पठण सुरू झालं तेव्हा तिच्या हातात पितळी झारी होती. लमयायनं कोपरानं ढोसलं, "ओत गं, सुरू झालं." फयोमचे ओठ हलत होते. लमयायला वाटलं नाव घेतेय, पण ती भांडत होती. "मेल्या, सांगायचं होतंस ना रे! तोंड शिवलं होतं का तुझं? तुझ्यासमोर चुलीत केस टाकत होते, रोज, शेहेचाळीस वर्षं, आणि तू नुसता बघत बसायचास!"

मग तिनं त्याचं नाव घेतलं, मोठ्यानं, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं, आणि पाणी ओतलं. झारी रिकामी झाली तरी ती तशीच तिरकी धरून बसली होती. शेवटी लमयायनंच ती हातातून काढून घेतली.