डेन्मार्कच्या बाईंना मी इराचा नंबर विचारला

मंडळी, आज मी हार्बरफ्रंटच्या आमच्या ऑफिसात, मीटिंग रूममध्ये बसून भोंडल्याचं गाणं म्हटलं. दार काचेचं होतं.

झालं असं, की आमची इरा युनिव्हर्सिटी सुरू होण्याआधी पाच महिने डेन्मार्कच्या एका निवासी लोकशाळेत गेली आहे. तिथे परीक्षाच नसते. सगळे एकत्र राहतात, आळीपाळीने भांडी घासतात आणि रोज सकाळी एकत्र गातात. मला हे माहीत होतं, पण पटलं नव्हतं. म्हणून मी हट्टाने तिच्या बाईंकडून व्हिडिओ कॉलची वेळ घेतली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "वर्गात ती कितवी आहे?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "इथे नंबर नसतात. पण बरं झालं भेटलात. उद्या सकाळचं गाणं इरा निवडणार आहे. तुम्ही पोळ्या लाटताना म्हणायचात, ते. तिला दोनच कडवी आठवतात. पुढची सांगाल?"

बाईंच्या शेजारी बसलेली इरा लाजत, आमच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "मम्मा, जस्ट सिंग लाह!"

ओ-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, वर्षी तिच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून मी स्वयंपाकघरातलं गाणं बंद केलं होतं. पुन्हा सुरू करायचं राहूनच गेलं.

आज सगळी कडवी म्हटली, चांगली खड्या आवाजात. काचेपलीकडून अख्खी टीम बघत होती. बघू दे.

तुमच्या घरात मुलांच्या परीक्षेसाठी काय बंद केलं होतंत? आणि परीक्षा संपल्यावर ते परत सुरू केलंत का?